भाऊ एकटाच शिडाची होडी घेऊन गोव्याहून मालवणला निघालाय. अडवू की जाऊ देऊ?

खानापूरची_शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिकवते. समुद्राशी आमच्या घराचा संबंध एवढाच, की लहानपणी मे महिन्यात मामाकडे वेंगुर्ल्याला जायचो. पण गेले दोन महिने घरात रोज समुद्राचाच विषय आहे आणि मला धड झोप लागत नाही.

धाकटा भाऊ २६ वर्षांचा. उद्यमबागला सीएनसी मशीनवर आहे. हात चांगला आहे, मालक त्याच्यावर खूश आहेत. लहानपणापासून मलप्रभेत पोहलेला. यंदा पावसाळ्याआधी गोव्याच्या एका क्लबात चार रविवार जाऊन शिडाची छोटी होडी शिकला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. रात्री जेवताना ताटात भाकरीचा तुकडा उभा धरतो आणि वारा कुठून आला की शीड कसं ओढायचं ते आईला दाखवतो. आई म्हणते, काय खुळं लागलंय ह्याला.

आता प्रकरण फार पुढे गेलंय. गोव्यातच एक जुनी सोळा फुटी फायबरची होडी त्याने घेतली. दोन शिडं, इंजिन नाही, एक लाख चाळीस हजार. पन्नास हजार त्याचे साठवलेले, नव्वद पतसंस्थेतून काढले. जामीन मीच आहे. सही करताना मला वाटलं, रविवारी फिरायला घेतोय. नंतर कळलं, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रजा टाकून मांडवीच्या मुखातून निघायचं आणि एकट्याने मालवण गाठायचं. दीड दिवस लागेल, फार तर दोन, म्हणतो. १ जानेवारीला सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर व्हिडिओ काढायचा. तारखेसकट त्याने ते मोबाइलवर सगळ्यांना सांगूनही टाकलंय. कंपनीतली पोरं आत्ताच त्याला 'कॅप्टन' म्हणायला लागलीत.

मी म्हटलं, अरे काय करालास हे? कुणाला तरी बरोबर घे. तर म्हणाला, "ताई, बरोबर कोण असलं की मी त्याच्याच तोंडाकडे बघत बसतो. एकदा तरी माझं मला बघायचंय."

ह्याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. आमचे बाबा कौलांच्या कारखान्यात राबले. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले होते, एकदा रेल्वेने दिल्ली बघायची होती, राहूनच गेलं. त्यामुळे भावाला "नको" म्हणताना जीभ रेटत नाही, आणि "जा" म्हणायचं धाडस होत नाही.

तयारी म्हणून त्याच्याकडे लाइफ जॅकेट आहे, बॅटरी आहे, मोबाइल आणि पॉवर बँक, नकाशाचं ॲप, पाण्याचा कॅन. आईने भडंग करून द्यायचं कबूल केलंय. एवढ्यावर माणूस समुद्रात जाऊ शकतो का? की मी उगीच भितेय? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा. आई रोज विचारते आणि मी तिला खोटंच सांगते, की काही होत नाही.

निपाणीकर_काका

बाई, सरळ अडवा. आमच्या गल्लीतला मुलगा हिडकलच्या पाण्यात गेला, तो गल्लीतला सगळ्यात चांगला पोहणारा होता. त्याच्या आईला मी रोज बघतो. तुम्ही जामीन आहात ना, मग पतसंस्थेत जाऊन बोला, होडी विकायला लावा, कर्ज फेडा. चार दिवस तो रुसेल. रुसू दे. रुसलेला भाऊ घरात तरी असतो.

घाटमाथा_सायकल

काकांचा अनुभव वाईट आहे, त्याबद्दल काही बोलत नाही. पण ताई, सगळ्यांनी असं अडवलं असतं तर आपल्याकडे कोणी काही केलंच नसतं. दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, अभिलाष टॉमी कुठेही न थांबता करून आला. तेही कधीतरी पहिल्यांदाच गेले असतील की. मी स्वतः बेळगावहून कन्याकुमारीला सायकलने एकटा गेलोय. निघताना पंक्चरसुद्धा काढता येत नव्हतं, वाटेत शिकलो. सगळं शिकून मग निघायचं म्हटलं की वय निघून जातं. जाऊ द्या त्याला.

अनगोळ_वेल्डिंग

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज वर्कशॉप बंद केल्यावर परत वाचला. मी खलाशी नाही. अनगोळला माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. पण गेली अठरा वर्षं सवड मिळाली की चोर्ला घाट उतरतो आणि गोव्यात शिडाची होडी चालवतो, बहुतेक वेळा एकटाच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सायकलवाल्या मित्रासाठी. पंक्चर काढता येत नसताना निघालात, चाललं, कारण पंक्चर झाल्यावर रस्ता तुम्हाला उभं राहू देतो. पाण्यात तशी जागा नाही. काहीतरी बिघडतं, तेव्हाही होडी वाऱ्यावर कुठेतरी चाललेली असतेच.

आणि दोंद्यांचं नाव घेतलंत, तर त्यांची हकिगत पुरी सांगा. नौदलातला हा पाणबुडा अधिकारी २००६ साली प्रदक्षिणेला तयार झाला आणि मुंबईहून निघाला ऑगस्ट २००९ मध्ये. मधली तीन वर्षं शिकण्यात आणि होडी बांधून घेण्यात गेली. मांडवीतल्या दिवाडी बेटावर ती बांधली, ५६ फुटी, नाव 'म्हादेई'. ताई, ही म्हादई, म्हणजे मांडवीच, तुमच्याच तालुक्यातल्या रानात उगम पावते, म्हणून मुद्दाम सांगतो. निघण्याआधी ते तिच्यातून मॉरिशसपर्यंत जाऊन आले होते. म्हणजे त्यांची 'पहिली वेळ' ही पहिली नव्हतीच. अभिलाष टॉमीचं तर आणखी. २०१३ साली न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केलेला तो माणूस. तोच २०१८ च्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडला. होडी उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, पाठ अशी दुखावली की उठता येईना. तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. तो वाचला, कारण आपण कुठे आहोत हे कळवणारी यंत्रं त्याच्याजवळ होती आणि त्याची जागा दररोज बघणारी माणसं किनाऱ्यावर होती. पुढे २०२३ मध्ये तीच शर्यत त्याने दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली. तुमच्या भावाकडे ह्यातलं काय आहे? मोबाइल, आणि किनारा लांब गेला की त्याला रेंज नाही.

आता वाट बघू. मांडवीच्या मुखाशी असलेल्या आग्वादहून मालवण सरळ रेषेत सुमारे ४० सागरी मैल, म्हणजे ७४ किलोमीटर. नकाशात बोट ठेवून बघा, मालवण गोव्याच्या नुसतं वर नाही, वर आणि डावीकडे आहे. डिसेंबरात दुपारचा वारा नेमका तिथूनच येतो, वायव्येकडून. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. साधारण ४५ अंश बाजूला ठेवून, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे, अशी नागमोडी चढावी लागते. ४० मैलांचे ५५-६० होतात. सोळा फुटी जुनी होडी आणि नवा हात म्हटलं तर तासाला तीन मैल धरा. वीस तास झाले. पहाटे जमिनीवरून वारा सुटतो तेव्हा चांगली चाल मिळते, पण तो दुपारपर्यंत टिकत नाही, मध्ये तास दोन तास शीड नुसतं लोंबतं. डिसेंबरात उजेड अकरा तासांचा. म्हणजे रात्र आलीच. रात्री जाळी, दिवा न लावलेल्या होड्या, ट्रॉलर. समुद्रावरच्या टकरी टाळायचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातला पाचवा सांगतो की प्रत्येक होडीवर सतत पहारा हवा. एकटा माणूस झोपला की पहारा संपला. आणि शेवटी मालवण. किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत, तिथले लोकसुद्धा खुणा बघून आत शिरतात. थकलेल्या, झोप न झालेल्या नवख्याने अनोळखी खडकांत शिरायचं, हा ह्या बेताचा शेवट आहे.

भाऊ मलप्रभेत पोहलेला आहे म्हणालात. हे वाचून मला जास्त काळजी वाटली. होडी तासाला चार मैलांनी चालली असेल तर सेकंदाला दोन मीटर जाते. सुकाणू बांधून तो पुढे शिडाचं काही करायला गेला, पाय घसरला आणि पडला. दहा सेकंदांत होडी वीस मीटर पुढे. जॅकेट घालून, लाटांत, त्या वेगाने कोणी पोहू शकत नाही. बरोबर कुणी असतं तर होडी वळवली असती. एकट्याच्या बाबतीत पोहता येणं हे पडल्यानंतरचं शहाणपण आहे. पट्टा बांधून होडीला जखडून राहणं हे पडण्याआधीचं.

आता माझं सांगतो. हे मी कुठे लिहिलं नव्हतं.

शिकून दुसरं वर्ष होतं. जानेवारी, रविवार, पौर्णिमा होऊन एक दिवस झालेला. चौदा फुटी होडी, एकटा. मांडवीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत होतं आणि दुपारचा वारा समोरून आत येत होता. असं झालं की लाटा उंच नसतात, पण उभ्या आणि एकीला लागून एक येतात. किनाऱ्यावरून बघताना ते दिसत नाही. मला नदीत असतानाच वाटलं होतं, आज नको. पण संध्याकाळी बेळगावला परतायचं होतं, सोमवारी गेटची डिलिव्हरी होती, पुढचे दोन महिने रविवार मिळणार नव्हता आणि क्लबातल्या दोघांना मी "आज बाहेर जाऊन येतो" असं सांगून निघालो होतो.

उलटलो. होडी सरळ करायचं शिकलो होतो, दहा वेळा केलं होतं. पण तिथे खाली वाळूचा दांडा आहे, पाणी उथळ. डोलकाठीचं टोक वाळूत रुतलं. मी बुडाशी लोंबकळून सगळं वजन टाकत होतो, होडी जागची हलत नव्हती. शिडाची दोरी सोडवायची होती. गाठ मीच मारलेली, रोज मारतो ती. बोटं पाण्याने अशी सुजली आणि मऊ पडली होती की गाठीचं टोक नखात धरता येईना. दातांनी ओढली. तोंडात खारं पाणी, नायलॉनची चव. खिशातला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत होता, पिशवीत पाणी. पाणी थंड नव्हतं हो, आपल्याकडचा समुद्र. तरी अर्ध्या तासाने दात वाजायला लागले. सुमारे पन्नास मिनिटांनी मासेमारीची होडी आली. त्यांनी मला बघितलं ते योगायोगाने. बायकोला मी गोव्यात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, तिला वाटलं कुणाकडे तरी मापं घ्यायला गेलोय.

नंतर किती तरी दिवस मी विचार केला, चूक कुठे झाली? गाठीत नाही, वाळूतही नाही. नदीत असताना "आज नको" वाटलं, तिथून परत फिरलो नाही, तिथे झाली. आणि फिरलो नाही, कारण डिलिव्हरी, रविवार आणि त्या दोघांना दिलेला शब्द.

ताई, म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात भयानक वाटलं ते भडंगही नाही आणि मोबाइलही नाही. नव्वद हजारांचं कर्ज, मोजून घेतलेली रजा, १ जानेवारी ही तारीख आणि 'कॅप्टन' म्हणणारी पोरं. ह्या चौघांनी मिळून त्याची परतीची वाट बंद केलीय, आणि तो अजून निघालेलाही नाही.

१९६८ साली नऊ जण एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघाले. त्यातला डोनाल्ड क्रोहर्स्ट महासागराला नवखा होता. होडी अर्धवट, पैसे दुसऱ्याचे, परत फिरला असता तर घरदार जाणार. तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि रेडिओवर खोट्या जागा कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची होडी सापडली, रिकामी. त्याच शर्यतीत चे ब्लाइथ नावाचा माणूस होता, त्याला तर निघताना शीड धडपणे हाकता येत नव्हतं. तो दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेला, होडी पुढच्या समुद्राला टिकणार नाही हे त्याला कळलं आणि त्याने शर्यत सोडली. पुढे १९७०-७१ मध्ये वेगळी, पोलादी होडी घेऊन तो वाऱ्याच्या उलट दिशेने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. नवखे दोघेही होते. एकाला फिरता आलं.

आमच्या कामात आधी टॅक, म्हणजे वेल्डचा छोटा तात्पुरता ठिपका मारतात, मग गुण्या लावून बघतात. चुकलं तर ग्राइंडरने टॅक उडवायचा, परत धरायचं. पूर्ण वेल्ड मारल्यावर सोडवायला गेलं की माल वाया. भावाने सगळा वेल्ड आधीच मारून ठेवलाय.

तेव्हा अडवू नका. तारीख मोडा. त्याला म्हणा, एकट्यानेच जा, पण आधी डिसेंबरभर दर रविवारी नदीतच, मग आग्वादपर्यंत आणि परत. त्यातले निदान तीन वेळा असे हवेत, की निघाला, वारा किंवा पाणी पटलं नाही आणि मुकाट्याने परत आला. ज्या दिवशी परत येण्याचं त्याला काही वाटणार नाही, त्या दिवशी त्याला पुढच्या गावाला पाठवा. मालवणला जाण्यापेक्षा मालवणहून खाली यायला वारा पाठीवर मिळतो, निम्म्या वेळात काम होतं आणि वेंगुर्ल्याला मुक्काम करता येतो. पण पाठीवरचा वारा फसवा असतो, जोर कळत नाही, आणि शीड एकदम ह्या बाजूचं त्या बाजूला गेलं की आडवी काठी डोक्यात बसते. तेही आधी नदीत शिकायचं. होडीची नोंदणी, बंदर खात्याची परवानगी, कोस्टल पोलिसांना कळवणं, हे सोडून जाऊ नये. सॅटेलाइट फोन किंवा तसलं परदेशी यंत्र कुणाकडून मागवून घेऊ नका, परवान्याशिवाय ते आपल्याकडे बेकायदा आहे. रीतसर लायसनचा मरीन रेडिओ घ्यावा, त्यावर चॅनेल १६.

आणि एक. ह्याच रविवारी त्याला सांगा, क्लबच्या पाण्यात, माणसं जवळ असताना, जॅकेट घालून स्वतःच्या होडीतून उडी मार आणि कुणाच्या मदतीशिवाय परत वर चढ. सोळा फुटी होडीचा काठ पाण्यातून बघितला की किती उंच असतो ते त्याला कळू दे. मी शंभर गोष्टी लिहिल्या तरी तेवढं कळणार नाही.

माजाळीची_सून

मी वडगावची, विणकरांच्या घरातली. लग्न होऊन कारवारकडे आले, सासर मासेमारीचं. वेल्डिंगवाल्या दादांनी लिहिलंय ते वाचून मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "एकटा? रातचो?" आणि मान हलवली. ते पन्नास वर्षं दर्यावर गेलेत, पण एकटे कधी गेले नाहीत. लहान होडीतसुद्धा दोघं.

मला ताईंशी बोलायचंय, भावाशी नाही. ताई, तुम्ही स्वतःला ह्यात कुठे धरलेलंच नाही. अडवणारी किंवा जाऊ देणारी, एवढंच धरलंय. किनाऱ्यावर बसणाऱ्या बाईला काम असतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी नवरा गेला की मी नुसती दारात बसायचे आणि रडायचे. सासूबाईंनी मला बसवून शिकवलं. कुठल्या बाजूला गेलेत, किती वाजता निघाले, बर्फ किती, डिझेल किती, कधीपर्यंत यायला हवेत. त्या वेळेवर दोन तास गेले की शेजारच्या होडीवाल्याला फोन. त्यानंतर सोसायटीत. रडत बसायचं नाही.

तुम्ही हेच करा. वहीत लिहा, होडीचा रंग, शिडाचा रंग, निघायची वेळ, पोचायची वेळ. पोचायच्या वेळेनंतर किती तास थांबायचं ते तो निघण्याआधी दोघांनी मिळून ठरवा, नंतर ठरवायला गेलं की मन म्हणतं अजून थोडं थांबू. वेळ टळली की कोस्ट गार्डचा १५५४ लावायचा, लाज वाटू द्यायची नाही. तो आला आणि "कशाला फोन केलास" म्हणून ओरडला तर ओरडू दे. भाऊ हे सगळं कबूल करत नसेल, तर मात्र निपाणीच्या काकांचं बरोबर आहे.

खानापूरची_शिक्षिका

सगळ्यांचे आभार. दादा, तुमचं लिहिणं मी त्याला माझ्या तोंडाने वाचून दाखवलं नाही. मोबाइल त्याच्या हातात दिला आणि गोठ्यात गेले. परत आले तर तो अजून वाचतच होता. म्हणाला, "मी लिहू का?" म्हटलं, लिही.

खानापूरची_शिक्षिका (भाऊ लिहितोय)

वेल्डिंगवाले काका, नमस्कार. मीच तो. वाचताना आधी राग आला, कारण ताईने घरातलं सगळं लोकांना सांगितलं. पण गाठीचं वाचलं आणि राग गेला. क्लबात आम्ही गाठी मारल्या त्या सगळ्या कोरड्या हाताने.

वाऱ्याचं मला माहीत होतं. म्हणजे चौथ्या रविवारी सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण मी मालवणचं अंतर मोजलं ते ॲपवर दोन टोकांना बोट ठेवून सरळ मोजलं. वीस तास वाचलं तेव्हा परत मोजलं. एकोणीस आले.

तारखेचं खरं आहे. गेल्या आठवड्यात कंपनीत एकाने विचारलं, हवामान बिघडलं तर? मी हसून म्हटलं, बिघडायचं नाही. ते मी का म्हटलं मला माहीत नाही. काका, एक विचारतो. परत फिरायची सवय लागली तर माणूस कधी जातच नाही असं होत नाही का? बाबांचं तसंच झालं. दर वर्षी म्हणायचे पुढच्या वर्षी दिल्ली.

अनगोळ_वेल्डिंग

बाळा, हा प्रश्न तू विचारलास ह्याचं मला फार बरं वाटलं. तुझ्या बाबांना मी ओळखत नव्हतो, पण एवढं सांगतो, ते परत फिरले नाहीत. ते निघालेच नाहीत, आणि त्याला घरची ओढाताण कारण असेल, भिती नव्हे. तू दर रविवारी पहाटे चार वाजता उठून घाट उतरणार, शीड चढवणार, पाण्यात जाणार आणि वारा बघून ठरवणार. ह्याला जाणंच म्हणतात. मी अठरा वर्षांत किती वेळा मांडवीच्या मुखातून परत आलो ते मोजलेलं नाही. त्याच वर्षांत दोनदा वेंगुर्ल्यापर्यंत जाऊनही आलो, एकटा. दुसऱ्यांदा पहाटे बंदरात शिरताना दीपगृहाचा दिवा अजून चालू होता आणि मागे आकाश तांबडं होत होतं, मी सुकाणू धरून रडलो होतो. ते तुला मिळावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून तुला थांबवतोय.

उडी मारून बघितलीस की सांग.

खानापूरची_शिक्षिका

जवळजवळ महिन्याने लिहितेय. शाळेत चाचण्या होत्या.

पहिल्या रविवारी तो उडी मारून आला. वर चढायला सात वेळा लागले, ते पण सातव्यांदा क्लबच्या मुलाने जॅकेटला धरून ओढलं तेव्हा. घरी आला तर दोन्ही दंड आतून सोलवटलेले, फायबरच्या काठाने. जेवताना काही बोलला नाही. हात धुताना म्हणाला, "ताई, सहाव्यांदा मला वाटलं आता होत नाही. आणि किनारा तिथे शंभर पावलांवर होता."

तारखेचा व्हिडिओ त्याने काढून टाकला. कंपनीतल्या पोरांनी दोन दिवस चिडवलं. रजा रद्द केली.

वेल्डिंगवाले दादा म्हणजे आता आमच्या घरचे काका झालेत. त्यांनी ह्याला अनगोळला बोलावून होडीच्या मागे लावायची तीन पायऱ्यांची शिडी करून दिली. साधं स्टील खाऱ्या पाण्यात डाग धरतं म्हणून ३१६ ग्रेडचा पाइप आणला, आणि पैसे फक्त पाइपचे घेतले. वेल्ड ह्याच्याकडूनच मारून घेतला. आता तो शिडीवरून तिसऱ्या प्रयत्नात चढतो, दमलेला असला तरी.

आतापर्यंत चार रविवार झाले. दोनदा आग्वादच्या जवळ जाऊन आला. दोनदा नदीतूनच परतला. दुसऱ्यांदा परतला तेव्हा मला फोन केला आणि म्हणाला, "आज नको वाटलं, चहा घेतोय." माझ्या वहीत ती नोंद आहे, वेळेसकट, १०.४०. वही मी माजाळीच्या ताईंनी सांगितली तशीच केलीय, शिडाचा रंग पांढरा, त्यावर निळी पट्टी. काकांनी म्हटलंय, फेब्रुवारीत एकदा ते स्वतः त्याच्याबरोबर बसून वेंगुर्ल्यापर्यंत जातील. त्यानंतरचं त्यानंतर. कर्जाचे हप्ते चालू आहेत, जामीन अजून मीच आहे.

आईला मी आता खोटं सांगत नाही. वहीतलं वाचून दाखवते. काल तिने त्याच्या जॅकेटला बांधलेली शिट्टी हातात घेतली, स्वयंपाकघरात उभी राहून जोरात वाजवली. गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली आणि शेजारच्या काकू धावत आल्या. आई त्यांना काही बोलली नाही. मला विचारलं, समुद्रात, वारा असताना, ही किती लांब ऐकू जाते? मला माहीत नव्हतं. इथे कुणी वाऱ्यात वाजवून बघितली असेल तर सांगा, मला तिला सांगायचंय.